सुपडू नानाची माफी

सुपडू नाना माणसाची पारख करायचा ती गाडीच्या दरवाजावरून. तोंड बघायचा नाही, कपडे बघायचा नाही. माणूस उतरला की मागे दरवाजा कसा लावतो, तेवढं ऐकायचा. धाडकन लावला तर म्हणायचा, "याच्या घरात भांडी लवकर फुटत असतील." हळू लावला तर काही बोलायचा नाही, नुसती मान हलवायचा. मी पहिल्यांदा त्याच्या गाडीतून उतरलो तेव्हा दरवाजा अर्धा लागला आणि हँडल माझ्या हातात आलं. नानाने हँडलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "भटू, तुझ्यासाठी माझ्याकडे माप नाही भो."

भटू म्हणजे मी. सुरतेत डिंडोलीला राहतो, टेम्पो चालवतो. लूमच्या खात्यातून, म्हणजे कारखान्यातून, कापडाचे ताके उचलायचे नि मार्केटात नेऊन टाकायचे, एवढं काम. शाळेचं विचाराल तर मी चौथीपर्यंत गेलो, म्हणजे शाळेच्या दारापर्यंत गेलो, आत कमीच बसलो. नानाची खोली माझ्या खोलीला लागून. दोघं अमळनेरकडचे, पण आडनावं वेगळी, कूळ वेगळं. तो मला शेजारी मानायचा आणि मी त्याला नाना.

नाना आमच्या कॉर्पोरेटरची गाडी चालवायचा. कॉर्पोरेटरला सगळे आप्पा म्हणायचे. आप्पा नानाचा चुलतभाऊ. एक आजोबा, एक कुळदैवत, पण एक मागच्या सीटवर बसायचा आणि एक पुढच्या. नानाला त्याचं काही वाटायचं नाही. "मागे बसणाऱ्याला रस्ता दिसत नाही," एवढंच म्हणायचा.

गाडी अनवाणी चालवायचा. चपला सीटखाली. होळी झाली की पांढऱ्या शर्टाच्या खिशात एक कांदा, ऊन लागू नये म्हणून. आप्पा मोठमोठ्या शेठ लोकांना घेऊन बसायचे आणि गाडीभर कांद्याचा वास. आप्पा चिडले की नाना म्हणायचा, "वास येतोय म्हणजे कांदा काम करून राहिला." हॉर्न वाजवायचा नाही. हॉर्न वाजवला की आपली घाई दुसऱ्याला कळते, असं त्याचं म्हणणं. आणि आप्पांचा फोन आला की आधी कंगवा काढून केस नीट करायचा, मग फोन उचलायचा. मी म्हटलं, नाना, फोनमधून केस दिसत नाहीत. तर म्हणे, "आवाजात दिसतात."

गाडीत जे बोलणं व्हायचं ते त्याच्या पोटातून कधी बाहेर आलं नाही. निवडणुका जवळ आल्या की मी त्याच्या मागे लागायचो. "नाना, आज आप्पा त्या पाहुण्यांशी काय बोलले?"

"एसी बरोबर चालतोय म्हणाले."

"आणखी?"

"थोडा कमी कर म्हणाले."

मी त्याला चहा पाजून, शेव पाजून, म्हणजे चारून, सगळं करून बघितलं. शेवटी मलाच माझ्या घरातलं सगळं बोलून बसायची वेळ यायची.

टेम्पो मला त्यानेच शिकवला. मोकळ्या प्लॉटवर मी बरा चालवायचो, कारण तिथे आपटायला काही नव्हतं. मग एक दिवस आप्पांचं गटारलाइनचं उद्घाटन होतं. मंडप टाकलेला, आप्पा माइकवर. मी खुर्च्या घेऊन गेलो आणि टेम्पो मागे घ्यायला लागलो. नाना बाजूने हात दाखवत होता, थांब थांब. मला वाटलं ये ये म्हणतोय. मंडपाचा खांब गेला, वरचं कापड खाली आलं, आणि त्या कापडाखालून आप्पांचा आवाज माइकवर चालूच राहिला. लोक म्हणाले, आप्पांचं इतकं चांगलं भाषण आम्ही कधी ऐकलं नाही. पण आप्पांना हसू आलं नाही. बाहेर आले नि मला शोधायला लागले. नाना पुढे झाला. "मी शिकवलं त्याला. चूक माझी." सगळ्यांसमोर आप्पांनी त्याला काय काय सुनावलं. नाना मान खाली घालून ऐकत राहिला. घरी येताना मी म्हटलं, नाना, तू कशाला घेतलंस अंगावर? तो म्हणाला, "तुझ्या अंगावर जागा कुठंय."

असं त्याने किती वेळा किती जणांचं अंगावर घेतलं असेल. म्हणून पुढे जे झालं तेव्हा सगळे धरूनच चालले, की नाना हेही घेईल.

झालं ते असं. महानगरपालिकेची निवडणूक होती. बबन नावाचा एक लूमचा कारागीर, यवतमाळकडचा, कोसाडला राहायचा, त्याने आप्पांच्या समोर अपक्ष फॉर्म भरला. निवडून येणारा नव्हता, पण खात्यातली मतं फोडणारा होता. फॉर्म मागे घ्यायचा शेवटचा दिवस आला. दुपारी बबन खात्यासमोरच्या टपरीवर चहा पीत होता, तिथून गायब झाला. दुसऱ्या दिवशी सुरतेबाहेर सचिन म्हणून भाग आहे, तिथल्या एका बंद पडलेल्या खात्यात सापडला. डोकं फुटलेलं, उजवा हात असा मोडलेला की डॉक्टरांनी जोडला तरी बोटं वळेनात. फॉर्म त्याने मागे घेतला नव्हता. त्या दिवसाचं त्याला काही आठवेना. चहापर्यंत आठवायचं, पुढे नाही.

पोलिसांनी चौघांना धरलं. आप्पा, आप्पांची दोन माणसं आणि नाना. खुनाच्या प्रयत्नाची केस लागली. आप्पा हायकोर्टातून जामिनावर आले, ढोल वाजले, मी पण नाचलो, कारण ढोल वाजला की माझ्या पायांना पक्ष कळत नाही. ती दोन माणसंही यथावकाश जामिनावर सुटली. नाना लाजपोरच्या जेलमध्येच. वकील आप्पांचाच होता. नानाच्या जामिनाची पाळी त्याच्याकडे येतच नव्हती.

मग त्या वकिलाने नानाला निरोप दिला. सांग, की बबनशी माझं स्वतःचं भांडण होतं, मी एकट्याने केलं, आप्पांना माहीत नाही. घरचं आम्ही बघतो. नाना म्हणाला, "बघू." सगळ्यांना वाटलं, झालं काम. आणि नानाने कोर्टाला अर्ज दिला, की मला सगळं खरं सांगायचंय, माझ्यासकट. कोर्टाने त्याला माफीचा साक्षीदार केलं.

माफी एवढाच शब्द माझ्या कानावर आला. त्या दिवसांत टीव्हीवर बाहेरच्या कुठल्या देशाच्या राष्ट्रपतीचं चालू होतं. त्याने आपल्याच माणसांना एका सहीत मोकळं केलं होतं, कोर्टात त्याच्याबद्दल तोंड बंद ठेवून बसलेल्यांना. म्हणून मी धरलं की माफी म्हणजे राष्ट्रपतीचीच, सही झाली की माणूस घरी. डिंडोलीभर सांगत सुटलो, आपल्या नानाला दिल्लीहून माफी आली. पेढे वाटले. टेम्पोला झेंडूच्या माळा बांधल्या, एक मोठा हार घेतला, आणि नानाच्या बायकोला, जिजीला, पुढच्या सीटवर बसवून लाजपोरला गेलो.

गेटवरचा शिपाई टेम्पोकडे बघत म्हणाला, "कोनुं लगन छे?"

मी म्हटलं, लग्न नाही साहेब, सुपडू नानाला न्यायला आलोय, माफी मिळाली त्याला.

त्याने आत विचारून घेतलं आणि हसायला लागला. "माफी मळी छे एटले ज अंदर छे."

मला वाटलं माझं गुजराती कच्चं, माफी मिळाली म्हणूनच आत, असं कसं असेल. दोनदा विचारलं. मग सरकारी वकिलाकडे आम्ही गेलो, तिने जिजीला समजावून सांगितलं. ही माफी राष्ट्रपतीची नाही, कोर्टाची आहे. आणि ही अटीवरची. सगळं खरं सांगायचं, स्वतः काय केलं तेही. ज्याला जामीन नाही मिळालेला, तो केस संपेपर्यंत आतच राहणार. आणि कोर्टात काही लपवलं, फिरला, तर माफी गेली. मग त्याच्यावरच खटला.

जिजीने एवढंच विचारलं, "आणि आप्पा?"

"ते जामिनावर आहेत ना. बाहेर."

जिजी मला म्हणाली, भटूभाऊ, म्हणजे ज्याला माफी तो आत आणि ज्याला माफी नाही तो बाहेर. मी म्हटलं, जिजी, मला विचारू नका, मी तर फुलं बांधून आलोय.

मुलाखतीला नाना जाळीपलीकडे आला. बारीक झाला होता. "हार आणला म्हणे?"

"आणला. टेम्पोला घातला."

"बरं केलं. त्यालाही कधी इज्जत मिळू दे."

डिंडोलीत मग नानाची दुसरी केस सुरू झाली, ती भाऊबंदातली. आमच्या खान्देशात श्रावणात कानबाई देवी बसते. आप्पांच्या भाऊबंदांची कानबाई आप्पांच्याच घरी. तिच्या रोटाची एक रीत आहे. कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे. माणूस गावी असो, मिलिटरीत असो, दुबईत असो, जिवंत आहे तर त्याची मूठ पडते. ते गहू एकत्र दळायचे, त्याच्या पुरणाच्या पोळ्या करायच्या, त्यांनाच रोट म्हणायचं. ते भाऊबंदांनीच खायचे. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही चालत नाहीत. आणि उरवायचे नाहीत, टाकायचे तर अजिबात नाहीत.

ही रीत मला पाठ आहे, कारण मी एकदा मोडली. आप्पांकडे मांडणीचं सामान टाकायला गेलो होतो, भूक लागलेली, ताटात पोळी दिसली, खाल्ली. बायकांनी असा आरडाओरडा केला की मला वाटलं पोळीत विष आहे. नाना म्हणाला, "आता एक तर याला भाऊबंदात घ्या, नाहीतर पोटातून काढा." भाऊबंदात कोणी घेईना. शेवटी देवीसमोर नाक घासून सुटलो.

त्या श्रावणात आप्पांनी मला घरी बोलावलं. सोफ्यावर बसवलं. मी इतक्या मऊ जागी बसलो की उठता येईना. आप्पा चांगल्या मूडमध्ये होते.

"भटू, तू नानाला भेटायला जातो ना?"

"जातो आप्पा."

"चांगलं करतो. त्याला सांग, कानबाई आलीय. भाऊबंद मला विचारून राहिले, सुपडूची मूठ घ्यायची का? मी म्हटलं, अरे माणूस आपला आहे, जरा विसरभोळा आहे. कोर्टात त्याला काही आठवलं नाही, तर इथे आपणही काही आठवायचं नाही. काय?"

"नाहीतर आप्पा?"

"नाहीतर काय, गहू जिजीचे, जिजीकडे." आणि मला उठायला हात दिला.

जिजीने गहू निवडून, पाण्याचा हात लावून, पदराखाली झाकून नेले होते. सुपडूचं उत्तर येईपर्यंत नको म्हणून ते दारातूनच परत आले. तिची रडायची रीत नाही, ती भांडी घासते. त्या दिवशी तिने माझ्या घरचीही भांडी घासली.

मी लाजपोरला गेलो आणि निरोप जसाच्या तसा सांगितला. मध्ये एक विनोद करून बघितला, तो पडला. नानाने विचारलं, "जिजीने गहू निवडले होते?"

"निवडले होते. परत पाठवले."

तो जाळीला बोट लावून उभा राहिला. लहानपणापासून त्याची मूठ कधी चुकली नव्हती. त्याच्या बापाची मूठ बंद झाली ती बाप मेला तेव्हा. म्हणजे आता मूठ नाही पडली तर जिवंतपणीच तो गेला, असं. आणि पडावी म्हणून कोर्टात विसरला, तर कोर्टाची माफी जाणार, पुढची वर्षं आत. मला वाटलं तो आप्पांवर चिडेल. तो वेगळंच बोलायला लागला.

"भटू, बबनला मीच टपरीवरून उठवला. आप्पा म्हणाले, घेऊन ये. मी जाऊन त्याला म्हटलं, तुझ्या घरून निरोप आहे, बायको पडली, चल सोडतो. तो चहा अर्धा टाकून आला. मला ओळखायचा ना तो. सचिनला खात्यापाशी गाडी लावली. समोर ती दोघं उभी. त्याला तेव्हा समजलं. तरी उतरला, आणि मागे वळून दरवाजा हळू लावला." नानाने जाळीवरचं बोट काढून घेतलं. "मला म्हणाला, येतो नाना."

मी म्हटलं, नाना, हे निरोपाचं कोणाला माहीत आहे?

"आप्पांना माहीत नाही, मी काय सांगून उठवला ते. बबनला आठवत नाही. तुला सांगितलं आत्ता."

"मग हे कोर्टात नाही सांगितलं तरी..."

"वेळ झाली," तो म्हणाला. वेळ झाली नव्हती.

साक्षीच्या दिवशी मी आणि जिजी मागच्या बाकड्यावर बसलो. पुढे आप्पांची माणसं. एका कडेला बबन, उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्याचा आणून ठेवावा तसा. नाना पिंजऱ्यात आला तेव्हा त्याने आधी केसांवरून हात फिरवला. त्याच वेळी माझा फोन वाजला, त्यावर लग्नातलं गाणं. शिपायाने मला बाहेर काढला, जिजीने हात जोडले तेव्हा परत आत घेतला.

नानाने सगळं सांगितलं. आप्पा कुठे उभे होते, कोणाच्या हातात काय होतं, आप्पा काय म्हणाले. जे इतकी वर्षं मला शेव खाऊनही सांगितलं नव्हतं ते सगळं. आप्पा समोर बसून त्याच्याकडे बघत होते. मग आप्पांचा वकील उठला.

"तुम्ही त्यांचे भाऊ. त्यांचं अन्न खाल्लं. आता स्वतःची कातडी वाचवायला त्यांच्यावर ढकलताय, बरोबर?"

"बरोबर," नाना म्हणाला.

वकिलाने कागदातून मान वर केली. त्याला 'नाही' ऐकायची सवय असणार.

"म्हणजे कबूल करता?"

"कातडी वाचवायलाच आलोय साहेब. म्हणून खरं बोलतोय. खोटं बोललो तर वाचणार नाही."

लोक हसले. जज साहेबांनी गप्प केलं. पण वकील हुशार होता. तो म्हणाला, तुम्ही फक्त गाडी चालवली म्हणता, तुमचं स्वतःचं पाप काहीच नाही, सगळं दुसऱ्यांचंच?

तेव्हा नानाने टपरीचं सांगितलं. बायको पडली म्हणून सांगितलं, तेही. हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू गेलं. बबनला ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तो उठला, डाव्या हाताने दार उघडलं आणि बाहेर गेला. नाना त्याच्याकडे बघत राहिला. वकिलाने पुढचा प्रश्न दोनदा विचारला.

निकाल लागला, आप्पा आणि ती दोघं आत गेली. वर अपील चालू आहे म्हणतात. नाना बाहेर आला. न्यायला मीच गेलो, साधा टेम्पो घेऊन.

बाहेर आला पण गाडी कोणी देईना. गाडी चालवण्यात त्याच्यासारखा माणूस सुरतेत नव्हता, पण जो शेठ भेटे तो म्हणे, बघतो, कळवतो. एकाने मला तोंडावर सांगितलं, "भटूभाई, ड्रायव्हर आंधळा चालेल, बोलका नाही चालणार." डिंडोलीतली खोली घरमालकाने खाली करायला लावली. नाना नि जिजी कोसाडला एका खोलीत गेले. नाना एका गोडाऊनच्या गेटवर बसायला लागला. बबन त्याच कोसाडचा. दोघं बाजारात समोर यायचे, बबन रस्ता बदलायचा. नाना म्हणायचा, बदलू दे, त्याचा हक्क आहे.

मी नानाला शेवटचा पाहिला तो पुढच्या श्रावणात. नंतर तो सोनगढकडे कोणाच्या तरी मळ्यावर राखणीला गेला, आणि त्याचा फोन लागायचा बंद झाला.

त्या श्रावणातल्या कानबाईच्या रविवारी त्यांनी देवी काही बसवली नाही. ती मोठ्या घरीच. पण जिजी म्हणाली, माझा माणूस जिवंत आहे, मूठ पडणार. एका माणसाची सव्वा मूठ. मुलगी एकच, ती लग्न होऊन नवापूरला. चक्कीवाला एवढे गहू दळेना, म्हणून तिने जात्यावर दळले. जातं शोधायला मला पाठवलं, ते मी टेम्पोतून आणलं आणि उतरवताना पायावर पाडून घेतलं. म्हणून उंबऱ्यावर पाय धरून बसलो होतो. पोळ्या झाल्या दोन. मला आत बोलवायची सोय नव्हती, आणि मी मागच्या अनुभवावरून ताटाकडे बघतही नव्हतो.

दारात रिक्षा थांबली. आतून मोठमाय उतरली. मोठमाय म्हणजे आप्पांची आई. वय झालेलं, काठी टेकत, डोक्यावर पदर. रिक्षावाल्याला म्हणाली, थांब इथंच. मला वाटलं आता शिव्या होणार, मी पाय घेऊन सरकलो. तिचा मुलगा जेलमध्ये होता, आणि तो कोणामुळे होता ते तिच्यासमोर उभं होतं.

ती आत जाऊन पाटावर बसली. नानाकडे बघितलं नाही. जिजीला म्हणाली, "वाढ माले."

जिजीने पोळी वाढली. दात नव्हते, म्हणून मोठमायने ती दुधात कुस्करली. नाना भिंतीला टेकून उभा, हात मागे बांधलेले. तिने एक पोळी पूर्ण संपवली, बोटाने वाटी पुसली, हात धुतला. उठायला लागली तसा नाना पुढे होऊन पायाशी वाकला. तिने पाय मागे घेतले नाहीत. डोक्यावर हातही ठेवला नाही.

उंबऱ्यापर्यंत आली, तिथे थांबून पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं.

"गोड नई लागनं," ती म्हणाली. "पन टाकता नई येस."

आणि रिक्षात बसून गेली.

नाना दारात उभा राहिला रिक्षा वळेपर्यंत. मग आत गेला, त्याच पाटावर बसला. उरलेली पोळी जिजीने त्याच्यासमोर ठेवली. तो मान खाली घालून खायला लागला, सावकाश, एक एक घास. मी लंगडत टेम्पोपाशी गेलो आणि ताके घ्यायला सचिनला निघालो.